मुखडा पुरे, अंतरा नको

गाणं कसं ऐकावं याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. सवाई गंधर्व महोत्सवात माणसं तानपुरे जुळेपर्यंत डोळे मिटून बसतात, बंदिशीतला एखादा शब्द निसटला तर शेजाऱ्याला कोपरानं ढोसून विचारतात आणि घरी गेल्यावर त्यावर वाद घालतात. इतके कष्ट करून पदरात काय पडतं, तर एक शब्द. अमेरिकेतल्या राजकीय पक्षांनी गाणं ऐकण्याच्या बाबतीत जी मजल मारली आहे, तिच्याकडे आपल्या रसिकांचं लक्ष जायला हवं होतं. ते गेलेलं नाही, म्हणून हा लेख.

दर चार वर्षांनी, नोव्हेंबरातल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या आधीच्या उन्हाळ्यात, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे दोन्ही पक्ष आपापलं राष्ट्रीय अधिवेशन भरवतात. बास्केटबॉलचं मोठं बंदिस्त स्टेडियम, राज्याराज्यांतून आलेले हजारो प्रतिनिधी, डोक्यावर चित्रविचित्र टोप्या, छताला जाळीत बांधलेले फुगे. उमेदवार कोण हे हल्ली सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे चार दिवस करायचं काय हा प्रश्न उरतो. तो गाण्यांनी सुटतो. वक्ता मंचावर येताना गाणं, जाताना गाणं, टीव्हीवर जाहिराती लागल्या की सभागृहात गाणं आणि शेवटी फुगे सोडताना सर्वांत मोठ्यानं गाणं. माझ्या मते हा जगातला सर्वांत निर्मळ संगीत महोत्सव आहे, कारण इथे गाणं निवडणाऱ्याचं मन कोणत्याही पूर्वग्रहानं डागाळलेलं नसतं. त्यानं ते गाणं ऐकलेलं नसतं.

म्हणजे अगदीच ऐकलेलं नसतं असं नाही. धृपद ऐकलेलं असतं, आणि ऐकावं तर धृपदच. धृपदात देश असतो, उद्याची सकाळ असते, जिंकणं असतं, माघार न घेणं असतं. अंतऱ्यात गीतकार आपलं रडगाणं घेऊन येतो: कुणाची नोकरी गेली, कुणाची बायको गेली, कुणी युद्धावरून परतला आणि त्याला कुत्रं विचारेना. हे ऐकून कुणाचं भलं होणार? आम्ही शौकीन मंडळी रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेले शब्द भिंग लावून वाचतो आणि मग दिवसभर तोंड पाडून हिंडतो. देश चालवायला असली माणसं काही कामाची नाहीत.

या शास्त्राचा पाया १९२४ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये घातला गेला. डेमोक्रॅटिक पक्षाचं ते अधिवेशन दोन आठवडे उलटले तरी संपेना, उमेदवार ठरायला मतदानाच्या १०३ फेऱ्या लागल्या. एवढ्या वेळात बँडला काही ना काही वाजवत राहणं भागच होतं. जॉर्जिया राज्याच्या प्रतिनिधींची पाळी आली. नावात जॉर्जिया असलेलं एक गाणं बँडमास्तरला माहीत होतं, 'मार्चिंग थ्रू जॉर्जिया'. ते त्यानं लावलं. हे गाणं १८६५ सालचं. यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती शर्मन यानं अटलांटापासून सव्हानापर्यंत जॉर्जियाची जी राखरांगोळी केली, तिचा हा विजयोत्सव. शनिवारवाड्यासमोर अब्दालीच्या विजयाचा पोवाडा लावावा, तसा तो प्रकार झाला. आधी शांतता पसरली, मग हुर्यो. लोकांनी बँडमास्तरला अडाणी ठरवलं. मला तो द्रष्टा वाटतो. नाव जुळतंय ना, मग आत काय आहे ते उघडून बघायचं नाही, हा पुढच्या शंभर वर्षांचा दंडक त्यानं एकट्याच्या हिमतीवर घालून दिला.

आठ वर्षांनी त्याच पक्षानं या दंडकाला यश मिळवून दिलं. १९३२ सालचं शिकागो. महामंदीचं तिसरं वर्ष, बँका बुडालेल्या, दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार, शहराशहरांत पावासाठी रांगा. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या माणसांच्या मनात आधी 'अँकर्स अवे' हे नौदलाचं गाणं होतं. रूझवेल्ट पूर्वी नौदल खात्यात होते, त्यामुळे त्या निवडीला काही अर्थ होता. मग अर्थ असलेलं गाणं बाजूला पडलं आणि 'हॅपी डेज आर हिअर अगेन' वाजलं. सुखाचे दिवस परत आल्याची वर्दी देणारं हे गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं ते नोव्हेंबर १९२९ मध्ये, म्हणजे वॉल स्ट्रीट कोसळल्याच्या पाठोपाठ. दोन्ही खेपेला सुखाच्या दिवसांनी त्याला दाद दिली नाही. मतदारांनी मात्र दिली. ४८ पैकी ४२ राज्यं रूझवेल्ट यांच्या पदरात पडली आणि गाणं कायमचं पक्षाला चिकटलं. गाण्याचा प्रसंगाशी मेळ असावा असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

रिपब्लिकन पक्षाच्या बाजूला या विद्येनं १९८४ मध्ये तंत्रज्ञानाची जोड मिळवली. त्या उन्हाळ्यात ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' गाजत होतं. जॉर्ज विल हे उजव्या विचारांचे नामांकित स्तंभलेखक त्याच्या कार्यक्रमाला गेले ते कानात कापसाचे बोळे घालून. परत येऊन त्यांनी कौतुकाचा लेख लिहिला, की हा गडी कुरकुर करणारा नाही, याच्या गाण्यात देशाविषयीचा उल्हास आहे. कापूस ही गाळणीच समजा. ढोल आणि धृपद तेवढं आत येतं. व्हिएतनामवरून परतलेला, तेलशुद्धीकरण कारखान्यानं दारातून हाकललेला, सरकारी कचेरीनं हात वर केलेला जो माणूस त्या गाण्याच्या अंतऱ्यात उभा आहे, तो बोळ्यापाशीच अडला. लेख छापून येऊन आठवडा झाला नाही तोच, १९ सप्टेंबरला, अध्यक्ष रेगन न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावी प्रचाराला गेले आणि तिथल्या या सुपुत्राच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा त्यांनी गौरव केला. स्प्रिंगस्टीननं दोनतीन दिवसांत पिट्सबर्गच्या मंचावरून शंका काढली, की साहेबांना माझी नेमकी कुठली रेकॉर्ड आवडत असेल? 'नेब्रास्का' नसावी बहुतेक. आणि त्याच रेकॉर्डवरचं, कारखाना बंद पडल्यावर खून करून बसलेल्या कामगाराचं गाणं त्यानं म्हटलं. कलावंतांची ही खोड जुनी आहे. कौतुक झालं तर गप्प बसून घ्यावं, हे त्यांना जमत नाही. रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले.

पण हा सगळा रियाज म्हणायचा. मैफल खऱ्या अर्थानं जमली ती ऑगस्ट १९९६ मध्ये, शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये. बिल क्लिंटन दुसऱ्यांदा उभे होते आणि वारं कौटुंबिक मूल्यांचं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्यानं टीव्हीच्या नव्या संचांत व्ही-चिप बसवायची सोय केली होती. मुलांनी भलतंसलतं पाहू नये म्हणून आईबापांच्या हाती दिलेलं ते कुलूप. अशा पक्षानं आपल्या अधिवेशनात आनंद व्यक्त करण्यासाठी निवडलं 'माकारेना'.

स्पेनमधल्या सेव्हिलकडच्या लोस देल रिओ या दोन प्रौढ गायकांच्या जोडीचं हे गाणं त्या वर्षी अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. हात पुढे, तळवे उलटे, मग खांद्यांवर, मग डोक्यामागे, मग कमरेवर, शेवटी कंबर हलवून गर्रकन वळायचं. नातवंडं असलेली माणसं गळ्यात पक्षाचे बिल्ले घालून, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, रांगा धरून नाचत होती. गाण्यात आहे काय? माकारेना नावाच्या पोरीचा मित्र सैन्यात भरती होऊन शपथ घेत असतो आणि तेवढ्या वेळात ती त्याच्या दोन दोस्तांबरोबर मौज करून घेते. कथानक इतकंच. म्हणजे व्ही-चिपवाला पक्ष एका सैनिकाच्या पाठीमागे चाललेल्या भानगडीवर कंबर हलवत होता. स्पॅनिश जाणणारे प्रतिनिधी सभागृहात कमी नव्हते, पण त्यांच्यापैकी कुणी उठून भाषांतर करून सांगितल्याचं ऐकिवात नाही. पक्षशिस्त म्हणतात ती हीच.

त्यात उपाध्यक्ष अल गोर भाषणाला उभे राहिले. हा माणूस व्यासपीठावर खांबासारखा उभा राहतो अशी त्यांची ख्याती. त्यांनी सांगितलं, की तुमचा माकारेना मी टीव्हीवर पाहतोय, आता अल गोर पद्धतीचा करून दाखवतो. आणि ते निश्चल उभे राहिले. काही क्षणांनी विचारलं, पुन्हा बघायचाय का? सभागृह खदखदून हसलं. जाणकारानं मात्र इथे हात जोडावेत. त्या गाण्यातल्या भरती झालेल्या बिचाऱ्या मित्राची भूमिका इतक्या समजुतीनं जगात दुसऱ्या कुणी केलेली नाही: निमूट, ताठ उभा, आपल्यामागे काय चाललंय याचा पत्ता नाही. पुढे जानेवारी १९९८ मध्ये त्यांचे वरिष्ठ क्लिंटन यांच्या भानगडीची जी बातमी फुटली, ती ध्यानात घेतली तर हा अभिनय भविष्यवेधीही ठरतो.

त्याच निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार बॉब डोल यांच्यासाठी 'सोल मॅन' या गाण्याचं 'डोल मॅन' करण्यात आलं, तेही मूळ गायकांपैकी एक, सॅम मूर, यांच्याच आवाजात. यावर गाण्याचे प्रकाशक चिडले. मला हा मार्ग कमी प्रतीचा वाटतो. शब्द बदलायचे म्हणजे आधी ते वाचावे लागतात, आणि एकदा वाचायची सवय लागली की माणूस बिघडतो.

आता मुद्द्यावर येतो. अधिवेशनातलं भाषण ही जगातली सर्वांत जास्त तपासली जाणारी वस्तू आहे. सल्लागार ते वाचतात, वकील वाचतात, मतचाचण्या घेणारे वाचतात, एकेक क्रियापद घासून गुळगुळीत होतं आणि मग ते पडद्यावर सरकत वक्त्यापुढे येतं. त्यात चुकूनही खरं वाक्य शिरायला फट राहत नाही. सगळ्या बाजूंनी अशी पक्की बंद केलेली खोली, आणि तिला एकच दार उघडं: गाणं. ते कुणी वाचत नाही. त्यामुळे बेकार, फसवला गेलेला, युद्धावरून परतलेला, प्रेमात ठोकर खाल्लेला, अशी जी माणसं भाषणात कधीच शिरू शकली नसती, ती अंतऱ्यात बसून आत येतात आणि शंभर स्पीकरमधून बोलतात. गाणं निवडणाऱ्याचं अज्ञान हीच अधिवेशनातली एकमेव खुली खिडकी आहे, आणि लोक ती बंद करायला निघाले आहेत.

फ्लीटवूड मॅकचं 'डोन्ट स्टॉप' घ्या. १९९२ मध्ये क्लिंटन यांनी ते आपलंसं केलं, उद्याचा विचार करा म्हणणारं गाणं म्हणून. क्रिस्टीन मॅकव्ही हिनं ते लिहिलं तेव्हा ती त्याच बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या नवऱ्यापासून वेगळी होत होती. देशाला उद्याची आशा द्यायची तर घटस्फोटाचं गाणं द्यावं, यात चूक काय? ज्याचा कालचा दिवस विसरण्याजोगा असतो तोच उद्याविषयी इतक्या कळकळीनं बोलतो.

२००८ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉलला रिपब्लिकनांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्यासाठी 'बाराकुडा' वाजलं. शाळेत बास्केटबॉल खेळताना त्यांना 'सारा बाराकुडा' म्हणत, तेव्हा नाव जुळलं, आणि १९२४ पासूनचा दंडक सांगतो की नाव जुळलं की झालं. हार्ट या बँडच्या अॅन आणि नॅन्सी विल्सन या बहिणींनी हे गाणं १९७७ मध्ये रागानं लिहिलं होतं. रेकॉर्ड खपवण्यासाठी कंपनीनं त्या दोघींच्या नात्याविषयी घाणेरडी सूचना करणारी जाहिरात दिली होती, त्या वृत्तीवर ते तोंडसुख आहे. बाईला बाजारात विकणाऱ्यांविरुद्धचं गाणं, जिला पक्षानं आठवड्यापूर्वी बाजारात आणलं अशा बाईसाठी. बहिणींनी तक्रार केली. पक्षानं ते दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवलं. बँडचा एक जुना गिटारवादक, या गाण्यातला भागीदार, तेवढा खूश होता: रॉयल्टी येईल, त्यातले काही पैसे ओबामांच्या प्रचाराला देईन म्हणाला. संगीतानं समाज जोडला जातो तो असा.

त्याच वर्षी डेन्व्हरला ओबामांचं भाषण संपल्यावर ब्रुक्स अँड डन यांचं 'ओन्ली इन अमेरिका' वाजलं. चार वर्षांपूर्वी हेच गाणं धाकट्या बुश यांच्या प्रचारात वाजत होतं. यावर अधिक काही लिहीत नाही. काही कृत्यं स्वयंपूर्ण असतात.

आणि मग २०१६, क्लीव्हलँड. १८ जुलैच्या रात्री डोनाल्ड ट्रम्प धुरातून, पाठीमागच्या झगझगीत उजेडात नुसती आकृती दिसेल अशा बेतानं अवतरले. गाणं होतं क्वीनचं 'वुई आर द चँपियन्स'. गाणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी फारोख बलसारा. तो आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच पोरांच्या बँडमध्ये पियानो बडवायला लागला. झांझिबारमध्ये क्रांतीचा रक्तपात झाला तेव्हा त्याचं कुटुंब जीव घेऊन इंग्लंडला आलं. सीमेवर भिंत बांधण्याचं आणि समलिंगी विवाहाची मान्यता काढून घेण्याचं वचन त्या अधिवेशनाच्या जाहीरनाम्यात होतं. अशा वेळी एका निर्वासित घरातल्या, पुरुषांवर प्रेम करणाऱ्या, आशियाई रक्ताच्या गायकाला मंचाच्या मधोमध आणणं, हे धाडस दुसऱ्या कुठल्याही मार्गानं शक्य नव्हतं. एखाद्या वक्त्यानं हे करू पाहिलं असतं तर माईक बंद केला असता. क्वीननं परवानगी न घेतल्याबद्दल निषेध नोंदवला. पाचगणीकरांनी तरी तसं करू नये. गावचा मुलगा एवढ्या मोठ्या सभेत गेला.

त्या अधिवेशनात रांगच लागली होती. इव्हान्का ट्रम्प यांच्या आगमनाला जॉर्ज हॅरिसनचं 'हिअर कम्स द सन' लावलं. हॅरिसनच्या वारसांनी कळवलं, की हे आमच्या इच्छेविरुद्ध आहे, 'बिवेअर ऑफ डार्कनेस' लावलं असतंत तर कदाचित विचार केला असता. पण कळस चढला तो शेवटच्या रात्री. ट्रम्प यांचं भाषण सव्वा तास चाललं. देशाचं सगळं बिघडलं आहे आणि ते मी एकटाच दुरुस्त करू शकतो, हा त्याचा सारांश. टाळ्यांचा कडकडाट झाला, फुगे सुटले, कुटुंब मंचावर आलं, आणि रोलिंग स्टोन्सचं १९६९ मधलं गाणं सुरू झालं: 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट'.

हे नीट समजून घ्यायला हवं. आतापर्यंतचे आचार्य अंतरा ऐकत नव्हते. इथे धृपदही ऐकलं नव्हतं. शीर्षकसुद्धा वाचलेलं नव्हतं. मागाल ते दर वेळी मिळणार नाही, असं नावातच बजावणारं गाणं सव्वा तासाच्या आश्वासनांनंतर, लंडनच्या बाख क्वायरच्या गंभीर सुरांत, हजारो माणसांना ऐकवण्यात आलं आणि ती नाचली. लोकशाहीच्या इतिहासात जाहीरनाम्याखाली छोट्या अक्षरांत इतकी प्रामाणिक तळटीप कुणी दिलेली नाही. स्टोन्सनी मे महिन्यातच आमची गाणी वापरू नका म्हणून सांगितलं होतं. ते ऐकलं असतं तर मतदारांना हा इशारा मिळालाच नसता. नोव्हेंबरात जवळपास २९ लाख मतं जास्त मिळवूनही हिलरी क्लिंटन हरल्या. म्हणजे गाणं खरं होतं, फक्त वेगळ्या शहरातल्या अधिवेशनात वाजलं.

चार वर्षांनी, २७ ऑगस्ट २०२० च्या रात्री, व्हाइट हाउसच्या हिरवळीवर समारोप झाला तेव्हा आतषबाजीच्या जोडीला लेनर्ड कोहेनचं 'हालेलुया' होतं. एकदा ध्वनिमुद्रित, मग लगेच एका तगड्या आवाजाच्या गायकानं प्रत्यक्ष म्हटलेलं. शब्द देवाच्या स्तुतीचा, म्हणजे प्रार्थनाच असणार. अंतऱ्यात गच्चीवर न्हाणाऱ्या परस्त्रीवर भाळलेला दावीद राजा आहे आणि केस कापून घेऊन बळ गमावलेला सॅमसन आहे. सत्ताधीशाच्या अंगणात सत्ताधीशाच्या मोहाची आणि पतनाची गोष्ट, वर फटाके. शेक्सपिअरला हे सुचलं असतं, पण त्याला हिरवळ मिळाली नसती. पक्षानं आधी परवानगी मागितली होती, वारसांनी स्पष्ट नाही म्हटलं होतं, आणि पक्षानं गाणं दोनदा वाजवलं. वकिलानं नंतर कळवलं, की 'यू वाँट इट डार्कर' मागितलं असतंत तर आम्ही विचार केला असता. हॅरिसनचे वारस आणि कोहेनचे वारस, दोघांनाही अंधाराचंच गाणं सुचावं, हा योगायोग नोंदवून ठेवतो. एक गोष्ट मात्र कोहेनच्या भक्तांनी विसरू नये. हे गाणं ज्या संग्रहात आहे तो १९८४ मध्ये तयार झाला तेव्हा त्याच्याच रेकॉर्ड कंपनीनं अमेरिकेत काढायला नकार दिला होता. न ऐकण्याची परंपरा फक्त राजकारण्यांची आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल.

कायदाही या परंपरेला बराच अनुकूल आहे. सभागृहाचा मालक अॅस्कॅप, बीएमआय अशा संस्थांना वर्षाचे पैसे भरतो आणि त्यांच्या लक्षावधी गाण्यांपैकी कुठलंही वाजवायची सरसकट मुभा घेतो. पक्ष म्हणतो, हॉलकडे परवाना आहे. शिवाय सभागृहात रेकॉर्ड वाजली तर तिकडे पैसे मिळतात ते गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकाला. नुसता गाणारा असेल त्याला काहीच नाही, त्यामुळे त्याचा रागही कायद्याच्या दृष्टीनं नुसता रागच. अलीकडे या संस्थांनी प्रचारासाठी वेगळा परवाना काढला आणि त्यातून आपलं गाणं काढून घेण्याची सोय गीतकारांना दिली. खिडकी बंद करायला निघालेले म्हणालो ते हेच. जॉन ऑलिव्हरनं २०१६ मध्ये आपल्या टीव्ही कार्यक्रमात विल्सन भगिनी, जॉन मेलनकॅम्प, सिंडी लॉपर, अशर वगैरे मंडळींना गोळा करून, आमची गाणी वापरू नका, असं सांगणारं एक गाणंच केलं. चाल उत्तम आहे, धृपद तोंडात बसतं. कुठल्या तरी सभेत ते वाजेल याची मी वाट पाहतोय.

आपल्या लोकांनीही यात खारीचा वाटा उचलला. २०२० मध्ये बायडन यांच्या काही भारतीय वंशाच्या समर्थकांनी 'लगान'मधल्या 'चले चलो'च्या चालीवर त्यांचं प्रचारगीत काढलं. डेमोक्रॅट आले की कर वाढवतात, हा विरोधकांचा कायमचा आरोप. त्याला उत्तर म्हणून, ज्याच्या नावातच कर आहे आणि तो भरायचा नाही म्हणून अख्खं गाव क्रिकेट खेळतं, त्या सिनेमाचं गाणं. आशुतोष गोवारीकरांना २००१ मध्ये याची कल्पना असती तर त्यांनी सिनेमा आणखी लांबवला असता.

सध्या मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जुलै २०२४ मध्ये मिलवॉकीला रिपब्लिकनांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स मंचावर आले ते मर्ल हॅगार्डच्या 'अमेरिका फर्स्ट'वर. हे गाणं इराकमधून बाहेर पडून आधी आपला देश सावरा असं म्हणतं. व्हान्स स्वतः इराकमध्ये मरीन दलाचे सैनिक म्हणून होते आणि आता त्या युद्धाच्या विरोधात बोलतात. म्हणजे कुणीतरी अंतरा ऐकला होता. अशानं ही कला टिकायची नाही.

सुदैवानं महिन्याभरात शिकागोनं धीर दिला. डेमोक्रॅटांनी राज्यवार मतं जाहीर करताना मंचावर डीजे बसवला आणि प्रत्येक राज्याला त्याचं गाणं दिलं. न्यू जर्सीला 'बॉर्न इन द यूएसए', चाळीस वर्षांनी, या वेळी कापसाविना. नेवाडाला 'मिस्टर ब्राइटसाइड', आपली प्रेयसी आत्ता दुसऱ्याबरोबर काय करत असेल या विचारानं तळमळणाऱ्याचं गाणं, मतं मोजताना. अलाबामाला अर्थातच 'स्वीट होम अलाबामा', ज्याच्या अंतऱ्यात नील यंगला नावानिशी सुनावलं आहे, की बाबा तू इकडे नसलास तरी आमचं अडत नाही. आणि दुसऱ्याच रात्री उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांचं भाषण संपल्यावर वाजलं नील यंगचंच 'रॉकिन इन द फ्री वर्ल्ड'.

या गाण्याचा प्रवास मला काशीयात्रेइतका पवित्र वाटतो. ऑगस्ट १९८८ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या रिपब्लिकन अधिवेशनात थोरल्या बुश यांनी उमेदवारी स्वीकारताना हजार ठिकाणी लुकलुकणाऱ्या उजेडाची आणि अधिक मायाळू देशाची भाषा केली. नील यंगनं पुढच्याच वर्षी गाण्यात त्या शब्दांची टर उडवली आणि बाळ टाकून नशेच्या शोधात गेलेली एक आई त्यांच्या शेजारी उभी केली. जून २०१५ मध्ये ट्रम्प सरकत्या जिन्यावरून उतरले आणि त्यांनी उमेदवारी जाहीर केली, तेव्हा हेच वाजत होतं. यंग संतापला, २०२० मध्ये त्यानं खटलाही भरला. २०२४ मध्ये त्यानं ते वॉल्झ यांना आपणहून वापरू दिलं. अधिवेशनातल्या भाषणातून गाण्यात गेलेले शब्द छत्तीस वर्षांनी अधिवेशनात परत आले, विरुद्ध पक्षाच्या, आणि धृपदावर उड्या मारणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या बाळाचा पत्ता नव्हता.

२०२८ च्या उन्हाळ्यात पुन्हा दोन अधिवेशनं भरतील आणि गाणी निवडायला तरुण मुलं-मुली बसवली जातील. आता आपली मंडळी तिकडे सगळीकडे असतात. तुमची एखादी भाची त्या खोलीत असली आणि तिनं फोन करून विचारलं, की मावशी, तू तर खूप गाणी ऐकतेस, हे गाणं कसं आहे गं, तर ठेका छान आहे एवढंच सांगा आणि फोन ठेवा.